आमच्यात चालतंय की, मग कोर्टात का चालत नाही?

तुम्ही विचारलंत म्हणून एकदाचं लिहूनच टाकते. सोलापूरच्या कोर्टात नवरा-बायकोच्या केसेस चालवणाऱ्या कुठल्याही वकिलाला विचारा, कुणी ना कुणी पार्टी येऊन हे म्हणतेच, "मॅडम, आमच्यात चालतंय की हे, आजोबा-पणजोबापासून चालत आलंय, मग कोर्टात का चालत नाही?" आता खरं सांगायचं तर कोर्टात रूढी चालते, पण लोकांना नेमकं उलटं माहिती असतं, म्हणजे जिथं चालते तिथं घाबरतात आणि जिथं चालत नाही तिथं छाती पुढं काढून येतात.

घाबरायचं आधी बघू. मामाची पोरगी. आपल्याकडे मराठा घ्या, लिंगायत घ्या, सोलापूरच्या पूर्व भागातली तेलुगू घरं घ्या, मामाच्या मुलीवर पहिला हक्क भाच्याचा हे सगळ्यांनी लहानपणापासून ऐकलेलं असतं (त्या मुलीला कुणी विचारतं का, हा माझा जुना वाद आहे, तो परत कधीतरी), आणि तेलुगू घरांत तर मामा-भाचीचीही लग्नं होतात. मग पत्रिका छापून झाल्यावर कुणीतरी शिकलेला पाहुणा व्हॉट्सअॅपवर टाकतो की हे बेकायदेशीर आहे, जेल होते, आणि घरात नुसता गोंधळ. तर पाहुण्याचं अर्धंच बरोबर असतं. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात भाऊ-बहिणीच्या मुलांचं आपसात, मामा-भाचीचं, ही लग्नं निषिद्ध नात्यांत येतात, असं लग्न रद्दबातल, वर एक महिन्यापर्यंत साधी कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पण त्याच कायद्याचं कलम ५ पुढं म्हणतं की दोघांनाही लागू असलेली रूढी परवानगी देत असेल तर ही आडकाठी नाही. दोघांनाही, एकाला नाही.

यातली खरी अडचण पाहुण्याला माहितीच नसते. हौसेनं "आम्ही रजिस्टर करणार" म्हणून ही मंडळी स्पेशल मॅरेज अॅक्टखाली (म्हणजे विधींशिवाय सरकारी अधिकाऱ्यासमोर लग्न लावायचा वेगळा कायदा) अर्ज करतात, आणि तिथं नुसतं आमच्यात चालतं म्हणून भागत नाही, राज्य सरकारनं गॅझेटमध्ये जाहीर केलेलीच रूढी लागते. त्यापेक्षा सरळ मांडवात आपल्या रीतीनं लग्न लावा आणि मग नोंदणी करा. रीतीनं म्हणजे खरंच रीतीनं, कारण २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टानं स्पष्ट सांगितलंय की विधी न करता नुसतं सर्टिफिकेट काढलं तर ते हिंदू लग्न होत नाही.

आता छाती पुढं काढून येणारे. "आमचा घटस्फोट झालाय मॅडम, काडीमोड झाली जातीच्या पंचांसमोर, स्टॅम्पवर लिहून घेतलंय, नोटरी पण आहे." आधी शंभरचा स्टॅम्प असायचा, आता पाचशेचा असतो, एवढाच काय तो फरक. मुळात नोटरीनं घटस्फोट करून देणं त्याच्या अधिकारातच नाही. पण हे लोक तेवढ्यावर दुसरं लग्न करून मोकळे होतात, आणि मग पहिली बायको पोटगीला किंवा फौजदारी केस घेऊन येते, किंवा नवरा सर्व्हिसमध्ये वारला की फॅमिली पेन्शनसाठी दोघी टेबलासमोर उभ्या राहतात आणि दुसरीच्या हातात काही नसतं. ती बिचारी स्टॅम्प बघूनच लग्नाला तयार झालेली असते. मला जास्त राग याचाच येतो, कागद दोघांचा आणि भोगते तिसरी.

तर मग रूढीनं घटस्फोट होतच नाही का? होतो, हिंदू विवाह कायद्याच्या कलम २९ नं तो जिवंत ठेवलाय. पण आमच्या जातीत अशी रूढी आहे हे जो म्हणतो त्यानंच सिद्ध करायचं, २००२ मध्ये सुप्रीम कोर्टानं परत तेच सांगितलं. सिद्ध म्हणजे काय, तर रूढी बराच काळ, खंड न पडता, एकसारखी पाळलेली पाहिजे, नेमकी पाहिजे, अवाजवी नको आणि लोकहिताच्या विरोधात नको. म्हातारी माणसं साक्षीला आणा, कुणाकुणाची काडीमोड झाली, मग त्यांची दुसरी लग्नं समाजानं मानली का, जुन्या केसेसमध्ये काही निकाल आहेत का, हे सगळं मांडा. हे सांगितलं की छाती आत जाते. एक कागद दाखवायचा म्हणून आलेला माणूस उलटतपासणीला गावातले चार म्हातारे कुठून आणणार?

आणि पंच म्हणाले म्हणून तर अजिबात नाही. १८७६ मध्येच मुंबई हायकोर्टानं सांगून ठेवलंय की लग्न मोडण्याचा किंवा बाईला दुसऱ्या लग्नाची परवानगी देण्याचा जातीचा अधिकार कोर्ट मानणार नाही. लोकांची रूढी वेगळी आणि पंचांची सत्ता वेगळी, एवढंच लक्षात ठेवा. आता तर महाराष्ट्रात २०१६ चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा आहे, पंचांचं ऐकलं नाही म्हणून कुणाला वाळीत टाकलं तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही.

उलट एक रूढी अशी आहे की तिला कोर्टात कुणी पुरावाही मागत नाही. दत्तक. १९५६ चा हिंदू दत्तक कायदा म्हणतो पंधरा पूर्ण झालेला मुलगा दत्तक घेता येत नाही, रूढी असेल तर येतो. आणि जुन्या मुंबई इलाख्यात कुठल्याही वयाचा दत्तक चालायचा हे इतक्या केसेसमध्ये सिद्ध झालंय की सुप्रीम कोर्टानं १९९१ मध्ये ती रूढी गृहीतच धरली. काडीमोडीचे दाखले कुणी असे नीट कोर्टात आणलेच नाहीत, सगळा कारभार पंचांत मिटला, त्यामुळं आज प्रत्येकाला पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

आणि रूढी कायमची असते असंही नाही, विधानसभेनं ठरवलं तर पिढ्यान्पिढ्यांचं पण जातं, लांब कशाला, पंढरपूरला बघा, देवळातल्या बडवे-उत्पात या पुजारी घराण्यांचे वंशपरंपरेचे हक्क १९७३ च्या कायद्यानं संपवले, ते भांडत २०१४ पर्यंत सुप्रीम कोर्टात गेले आणि हरले.

त्यामुळं काडीमोडीच्या कागदावर विसंबू नका, दोघांना खरंच वेगळं व्हायचं असेल तर हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३ब खाली संमतीनं अर्ज करा. एक वर्ष वेगळं राहिलेलं पाहिजे, नंतरचे सहा महिने कोर्ट २०१७ पासून योग्य केसमध्ये माफ करतं, आणि पंचांच्या दंडापेक्षा खर्च फार वेगळा नसतो. येताना लग्नाची पत्रिका, फोटो आणि दोघांचे आधार घेऊन या.