मेढेकोटाच्या आत आणि बाहेर

भावाकडे बोस्टनला मी दहा दिवस होते. त्यांपैकी नऊ दिवस सुखात गेले आणि त्यांच्याविषयी लिहिण्यासारखे फारसे काही नाही. जवळच्या प्लिमथ गावातली एक दुपार मात्र मनातून जात नाही.

ऑक्टोबर महिना होता. हॅलोविन जवळ आल्यामुळे दारोदारी भोपळे मांडलेले होते, अंगणांत प्लॅस्टिकचे सांगाडे टांगलेले होते, आणि माझा अकरा वर्षांचा भाचा झॉम्बींच्या विचारात पुरता बुडालेला होता. मेलेली माणसे उठून चालू लागली, वीज गेली, फोन बंद पडले, तर जगायला कुठे जायचे, हा त्याचा रोजचा प्रश्न असे. प्लिमथ पटक्सेट म्युझियम्समधल्या इंग्रजांच्या गावात पाऊल टाकताच त्याला उत्तर सापडले. १६२० साली ‘मेफ्लॉवर’ जहाजातून आलेल्या इंग्रजांची वसाहत तिथे पुन्हा उभारलेली आहे. गावाभोवती उंच खांबांचा मेढेकोट आहे, टेकडीच्या माथ्यावर तोफा ठेवलेली गढी आहे, आणि तिथून उतरत जाणाऱ्या एकाच रस्त्याच्या टोकाला समुद्र दिसतो.

“आत्या, झॉम्बी आले तर आपण इथेच राहायचं,” असे सांगून तो दरवाजे मोजायला लागला.

मीही त्याचा प्रश्न हसण्यावारी नेला नाही, कारण ते गाव पाहताना मला परके वाटतच नव्हते. कुडाच्या भिंती, गवताने शाकारलेली छपरे, मातीची जमीन, धुराने काळवंडलेली आढी, हे सगळे मी आजोळी पाहिलेले आहे. चकमकीने विस्तव पेटवायचा, मका कुटायचा, शेळ्या राखायच्या आणि बियाणे उंदरांपासून जपायचे. जग थांबले तर नेमके हेच यावे लागेल आणि आमच्या घरात आज ते कुणालाच येत नाही, हे मला तिथे लख्ख दिसले. अशी संग्रहालये मला मनापासून आवडतात ती यासाठीच. काचेच्या कपाटातली कुऱ्हाड पाहून काही कळत नाही. लाकूड फोडणाऱ्या माणसाला लागलेली धाप ऐकली की कळते.

एका घरात चुलीपाशी बसलेली बाई लोखंडी भांड्यातली पेज ढवळत होती. या गावातली माणसे सतराव्या शतकातलीच होऊन बोलतात, त्यापुढचे त्यांना काही ठाऊक नसते. भाच्याने तिला सरळ विचारले, “मेलेली माणसे चालत आली तर तुम्ही काय कराल?” तिने पळी थांबवली. अशी गोष्ट आपण कधी ऐकलेली नाही, असे ती म्हणाली, आणि मग तिने पहिल्या हिवाळ्याविषयी सांगितले. जहाजातून १०२ माणसे आली होती आणि वसंत येईपर्यंत त्यांतली जवळजवळ निम्मी गेली. सर्वांत वाईट दिवसांत सगळ्या वस्तीत धडधाकट अशी सहा-सातच माणसे उरली होती आणि तीच बाकीच्यांसाठी लाकडे आणत, विस्तव पेटता ठेवत, अन्न शिजवत, आजाऱ्यांचे कपडे धूत. एवढे बोलून ती पुन्हा पेज ढवळू लागली. मेलेले चालतील या भीतीने आलेला माझा भाचा, जिवंत माणसांनाच उठून चालता येत नव्हते हे ऐकून गप्प झाला. तोफांविषयी त्याने त्यानंतर एकदाही विचारले नाही.

मेढेकोटाच्या बाहेर, नदीच्या बाजूला पटक्सेट वस्ती आहे. तिथली माणसे भूमिका करत नाहीत. ती स्वतः मूळनिवासी आहेत आणि आजच्या काळातूनच बोलतात. शाळांच्या सहलींची गर्दी गढीपाशीच रेंगाळत होती आणि इथे अगदी तुरळक लोक होते, याचे मला खरेच वाईट वाटले. झाडाच्या सालींनी आच्छादलेल्या लांब घराजवळ एक गृहस्थ ओंडक्यावर विस्तव ठेवून, जळलेला भाग खरवडून काढत होडी पोखरत होते. खरवडण्याचा तो आवाज चालू असतानाच त्यांनी सांगितले की इंग्रजांनी जिथे वसाहत केली ती जागा म्हणजे आपल्याच पूर्वजांचे पटक्सेट गाव. १६१६ ते १६१९ या काळात किनाऱ्यावर पसरलेल्या साथीने ते गाव संपले. तिस्क्वांटम नावाच्या तिथल्या माणसाला १६१४ मध्ये एका इंग्रज कप्तानाने पकडून स्पेनमध्ये विकायला नेले होते. तो इंग्लंडमार्गे १६१९ मध्ये घरी परतला, तेव्हा गावात कुणी उरलेले नव्हते. इंग्रजांना आयतीच मिळालेली मोकळी शेते त्याच्या माणसांची होती, आणि १६२१ च्या वसंतात मक्याच्या आळ्यात मासे पुरून पीक कसे घ्यायचे, हे इंग्रजांना त्यानेच शिकवले. ते पेरत होते ते बियाणेही त्यांचे नव्हते. आदल्या नोव्हेंबरात केप कॉड या जवळच्या भूशिरावर त्यांनी कुणाचे तरी मक्याचे पेव उकरून काढले होते.

पेव म्हटल्यावर मला पणजीची आठवण झाली. आमच्या गावात प्लेग आला तेव्हा उंदीर पडू लागताच सगळे गाव रानात झोपड्या घालून राहिले होते, असे आजी सांगत असे.

“मग तो एकटाच उरला?” भाच्याने विचारले. पटक्सेटचा तो एकटा, असे ते म्हणाले. पण आमच्या वाम्पानोआग लोकांची दुसरी गावे होती आणि आम्ही अजून इथेच आहोत. हे सांगताना त्यांचा हात थांबला नव्हता.

त्या रात्री आम्ही वाटेतल्या एका मोटेलमध्ये उतरलो. खोलीतले हीटर बंद होते आणि तीनदा सांगूनही कुणी फिरकले नाही, याचा मला अजून राग आहे. लेकरू अंगात कोट घालूनच झोपायला गेले. दिवा मालवल्यावर त्याने विचारले, “आत्या, तो परत आला तेव्हा त्याने आधी काय पाहिलं असेल?”

तिस्क्वांटमचे मी काय सांगणार? मी त्याला पणजीचे सांगितले. चार महिन्यांनी रानातून गावात परतल्यावर ती घराच्या दाराकडे गेलीच नाही. तिने अंगणातली माती हातांनी बाजूला करून आधी पेवाचे तोंड उघडले, आणि ज्वारीला बुरशीचा वास येतो का ते पाहायला तिथेच ओणवी झाली.