आमची वाटचाल : कॉन्ट्रॅक्शन पट्टीपासून ग्राहकांच्या लॉगिनपर्यंत

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात पॅटर्न शॉप, म्हणजे ओतकामाचा साचा (मोल्ड) ज्यावरून घेतात ते नमुने बनवणारे दुकान, चालवणाऱ्याला ड्रॉइंगचे मोल वेगळे सांगावे लागत नाही. बिडाच्या कास्टिंगसाठी (ओतीव भागासाठी) साधारण 1 टक्का आणि पोलादासाठी 2 टक्क्यांच्या आसपास थंड होतानाचे आकुंचन धरायचे, मशीनिंगसाठी माल सोडायचा, मोल्डमधून पॅटर्न स्वच्छ निघावा म्हणून ड्राफ्ट (बाजूंना किंचित उतार) द्यायचा आणि कोअर बॉक्सचे (आतली पोकळी ठेवणाऱ्या वाळूच्या गाभ्याच्या साच्याचे) प्रिंट त्याला जुळवायचे, हे सारे ग्राहकाने दिलेल्या आकड्यांवर उभे असते. वडिलांच्या काळात आमच्याकडे सागवानी पॅटर्न होत. आमचे मिस्त्री ज्या कॉन्ट्रॅक्शन पट्टीवर मापे घेत, तिच्या खुणांमध्येच आकुंचन धरलेले असे. ती पट्टी आजही माझ्या टेबलावर आहे. पुढे व्हीएमसी (संगणकावर चालणारी मिलिंग मशीन) आले, अ‍ॅल्युमिनियमच्या मॅच प्लेट (पॅटर्न बसवलेल्या पाट्या) आल्या आणि कागदाची जागा स्टेप फाइलने (भागाच्या त्रिमितीय मॉडेलच्या फाइलने) घेतली. ती वर्षे चांगली गेली. त्यांविषयी अधिक लिहिण्याची गरज नाही.

लिहायचे आहे ते 2017 सालाविषयी. एका मोठ्या ग्राहकाच्या गिअरबॉक्स हाउसिंगचे पॅटर्न आम्ही बी रिव्हिजनप्रमाणे (ड्रॉइंगच्या बी आवृत्तीप्रमाणे) केले, कारण आमच्याकडे रीतसर ईमेलने आलेली तीच फाइल होती. सी रिव्हिजनमध्ये एका बॉसची (भोक पाडण्यासाठी ठेवलेल्या उंचवट्याची)  जागा काही मिलिमीटर सरकली होती. त्या बदलाचा फोटो त्यांच्या माणसाने व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला, तोही आमच्याकडची नोकरी सोडून गेलेल्या मुलाच्या नंबरवर. कास्टिंग ओतली गेली, मशीन शॉपमध्ये ड्रिल मारताना बॉसची भिंत पातळ पडली आणि सगळा लॉट नाकारला गेला. त्यांनी पॅटर्नचा, ओतकामाचा आणि मशीनिंगचा खर्च आमच्या नावावर टाकला आणि मागची बिलेही अडवून ठेवली. पगार द्यायला मशीनवर कर्ज काढावे लागले. त्याच सुमारास शिरोलीकडच्या एका प्रतिस्पर्ध्याने बाजारात असे पसरवले, की उद्यमनगरातल्या लोकांना रिव्हिजन म्हणजे काय हेच कळत नाही. आमची दोन कामे त्या बोलण्यावर गेली. मी ते विसरलेलो नाही.

त्या दिवसांत गोकुळ शिरगावचे एक फाउंड्रीमालक, ज्यांना आम्ही सगळे अण्णा म्हणतो, स्वतः दुकानात आले. पंपाच्या केसिंगची कामे ते वडिलांपासून आमच्याकडे देत आले आहेत. त्यांनी पुढच्या पॅटर्नची अर्धी रक्कम आगाऊ ठेवली आणि म्हणाले, "तुझं काम चोख आहे पोरा, पण कोणी काय दिलं आणि कधी दिलं, याचा कागद तुझ्याकडं पाहिजे." आमच्या ग्राहक लॉगिनची, म्हणजे ग्राहकाने आपल्या फाइल थेट आमच्या सर्व्हरवर ठेवण्याच्या व्यवस्थेची, सुरुवात या वाक्यातून झाली.

तोवर फाइल येण्याच्या वाटा सर्वांना ठाऊक होत्या त्याच होत्या. जीमेलवर 25 एमबीच्या पुढे जोडपत्र जात नाही आणि पूर्ण असेंब्लीची फाइल त्यात मावत नाही. पेन ड्राइव्हबरोबर व्हायरस येतो. फुकटच्या लिंकवर टाकलेली फाइल ज्याच्या हाती लिंक पडेल त्याला उघडते, मग गोपनीयता करारावर सही कशासाठी करायची? म्हणून आम्ही भाड्याचा सर्व्हर घेतला आणि त्यावर नेक्स्टक्लाउड ही फाइल ठेवण्या-वाटण्याची मुक्त प्रणाली बसवली. सुरुवातीला मोठ्या फाइल चढेनात. ही प्रणाली ज्यांवर चालते त्या सर्व्हरच्या सॉफ्टवेअरपैकी पीएचपीमध्ये अपलोडची मूळ मर्यादा अवघी 2 एमबी असते आणि एनजिनएक्समध्ये 1 एमबी. दोन्हीकडे ती वाढवल्याशिवाय काम होत नाही, हे बसवणाऱ्याने आधीच जाणून घ्यावे. सर्व्हरशी जोडणी सुरक्षित करणारे लेट्स एन्क्रिप्टचे प्रमाणपत्र विनामूल्य मिळते, पण त्याची मुदत थोडीच असते (आम्ही घेतले तेव्हा 90 दिवस), त्यामुळे त्याचे नूतनीकरण आपोआप होईल अशी व्यवस्था पहिल्याच दिवशी करावी.

खरी मेहनत मात्र नियम ठरवण्यात गेली. प्रत्येक ग्राहकाचे फोल्डर वेगळे आणि दुसऱ्याला ते दिसतही नाही. लॉगिन कंपनीच्या नावाने दिले जात नाही, माणसाच्या नावाने दिले जाते. पासवर्डबरोबर मोबाइलवरचा सहा आकडी कोड लागतो. जुन्या फाइलवर नवी चढवायची नाही, दोन्ही राहतात आणि नावातच भाग क्रमांक, रिव्हिजन व तारीख असते. ‘मंजूर’ फोल्डरमध्ये फाइल ग्राहकाचा ठरलेला माणूसच टाकू शकतो आणि त्या फोल्डरमध्ये नसलेल्या मॉडेलवर आमचा प्रोग्रॅमर टूलपाथ (मशीनच्या हत्याराचा मार्ग) काढत नाही, मग फोनवर कोणी कितीही घाई करो. कोणी कोणती फाइल कधी चढवली आणि कधी उतरवली, याची नोंद प्रणाली स्वतः ठेवते. नव्याने हा उद्योग करणाऱ्यांना माझे आग्रहाचे सांगणे आहे, की माणूस नोकरी सोडेल त्याच संध्याकाळी त्याचे लॉगिन बंद करा आणि ग्राहकाकडूनही तशी सूचना लेखी मागा. आमच्यावरचे सगळे संकट एका जुन्या नंबरातून आले होते.

पहिले लॉगिन अण्णांचे उघडले. त्यांना बटणांवर मराठी हवे होते, ते करून दिले. ऑगस्ट 2019 च्या महापुरात शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला आणि वाहतूक काही दिवस ठप्प झाली, तेव्हा पुण्याच्या ग्राहकांना त्यांची मॉडेल्स आणि तपासणी अहवाल जागेवर मिळत राहिले, कारण सर्व्हर कोल्हापुरात नव्हता. त्यानंतर प्रत्येक फाइलच्या तीन प्रती, त्यांतली एक शहराबाहेर, हा नियम आम्ही पक्का केला.

आज तोच शिरोलीकडचा प्रतिस्पर्धी ‘कोल्हापुरातील पहिले पॅटर्न पोर्टल’ अशी जाहिरात करतो. त्याच्या फोल्डरांची रचना आमचीच आहे, ‘मंजूर’ या नावासकट, आणि ती तिथे कशी पोहोचली हे या व्यवसायातल्या जाणत्यांना ठाऊक आहे. आमच्या सर्व्हरवर अण्णांच्या पहिल्या लॉगिनची तारीख नोंदलेली आहे. ज्या ग्राहकाला पाहायची असेल त्याला मी ती दाखवतो. गिअरबॉक्सच्या त्या ग्राहकाने अडवलेली बिले अजूनही पूर्ण दिलेली नाहीत. गेल्या वर्षी त्यांच्या नव्या खरेदी अधिकाऱ्याने चौकशी पाठवली, तेव्हा आम्ही दर देण्याआधी त्यांना लॉगिन दिले आणि मॉडेल ‘मंजूर’मध्ये टाकण्याची विनंती केली.