सोलापूरची सायकल, कोकणचा चढ

सोलापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेचारशे मीटर उंचीवर आहे, पण ती उंची आमच्या पायांना कधी कळत नाही. अक्कलकोटला जा, पंढरपूरला जा, विजापूरला जा. एकदा गिअर टाकला की गाव येईपर्यंत तोच. त्रास द्यायचा तो समोरचा वारा आणि ऊन देतं, चढ नाही. अशा गावात बसून कोकण आणि सह्याद्रीच्या सायकल टूर काढायचा धंदा कसा काय सुचला, हे नवीन गिऱ्हाईक हमखास विचारतं. एका बँकेतल्या साहेबांनीही कर्जाच्या अर्जावरून मान वर करून विचारलं होतं. कर्ज काही मिळालं नाही.

मूळ दुकान वडिलांचं. आम्ही त्यांना दादा म्हणायचो. गिरण्यांचे भोंगे वाजत होते तोवर भाड्याची सायकल हा सोलापुरात चांगला धंदा होता. तासावर सायकल, वहीत नाव आणि पत्ता, ओळखीचा नसेल तर हातातलं घड्याळ ठेवून घ्यायचं. पुढे लक्ष्मी-विष्णू गिरणी बंद पडली, पाळीवर जाणारा माणूस उरला नाही, पोरं लुनावर आणि मग मोटारसायकलवर गेली. दादांनी दुरुस्तीवर दुकान तगवलं. पंक्चर, छर्रे बदलणं, चाकाचा आऊट काढणं, आणि जूनमध्ये शाळा उघडायच्या आधी ओव्हरऑइलिंगची गर्दी. बाकी वर्षभर शांतता.

गिअरच्या सायकली आमच्याकडे आल्या त्या डॉक्टर, प्राध्यापक, इंजिनिअर मंडळींमुळे. पहाटे ग्रुपने तुळजापूर रोडला निघायचं, टोलच्या अलीकडे पोहे खायचे आणि परत. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये तर सायकल मिळेना अशी वेळ आली. कंपन्यांकडे माल नाही, आमच्याकडे नुसती नावांची यादी. पण सायकल विकून धंदा होतो तो एकदाच. विकलेली सायकल गॅलरीत कपडे वाळत घालायच्या कामाला लागली की ते गिऱ्हाईक पुन्हा दुकानाकडे फिरकत नाही. ती रस्त्यावर राहिली तर टायर, चेन, ब्रेक शू, सर्व्हिसिंग सगळं येतं. टूरचा विचार खरं तर इथून आला, निसर्गप्रेमातून नाही. प्रेम नंतर बसलं.

पहिले गिऱ्हाईक बीआरएम करणारे, म्हणजे ठरलेल्या वेळेत लांब पल्ल्याची सायकल राइड पुरी करणारे. २०० किलोमीटरची बीआरएम साडेतेरा तासांत पुरी करावी लागते, आणि आमच्या भागातल्या सपाट हायवेवर ती भरपूर लोक हसत करतात. त्यांनी हिशोब मांडला : आपण दोनशे मारतो, तर समुद्राकाठचा रस्ता रोज सव्वाशे काय अवघड? घाटाचे दिवस तेवढे कमी ठेवा. सोलापुरात काय, लातूर-बार्शीलाही अशीच समजूत आहे, की समुद्र म्हणजे सपाट आणि घाट म्हणजे अवघड.

वस्तुस्थिती बरोबर उलटी आहे. आपले मोठे घाट बैलगाड्या आणि पुढे ट्रक चढावेत म्हणून आखलेले. लांबी असते, वळणं असतात, पण चढ बेताचा. दाणोलीहून आंबोलीला चढताना एकदा लय सापडली की माणूस गप्पा मारत चढतो. किनाऱ्यावरच्या गावरस्त्यांचं तसं नाही. तिथे आधी पाखाडी, म्हणजे दगडी पायऱ्यांची पायवाट होती, मग बैलवाट, मग त्याच वाटेवर डांबर पडलं. खाडीच्या पातळीवरून रस्ता सरळ जांभ्याच्या सड्यावर, म्हणजे तांबड्या दगडाच्या पठारावर चढतो. बारा टक्के चढ म्हणजे शंभर मीटर जाताना बारा मीटर वर, आणि असे तुकडे दर दोन-चार किलोमीटरवर. वर गेलं की उघडा कातळ, एक झाड नाही, मोकळा वारा. तो जरा अंगाला लागतोय तोवर पुढची खाडी दिसते आणि कमावलेली सगळी उंची दोन मिनिटांत उतरून जाते. कुणकेश्वर ते आचरा हा टप्पा मोबाइलच्या अ‍ॅपवर पाहा. चढउताराची रेघ करवतीच्या दातांसारखी दिसते. त्या दिवसाची एकूण चढाई घाटाच्या दिवसापेक्षा जास्तही भरू शकते, आणि लय कुठेच लागत नाही.

म्हणून आमच्या कुठल्याही टूरच्या पत्रकात किलोमीटरच्या शेजारी चढाईचे मीटर छापलेले असतात, आणि आम्ही लोकांना तो दुसरा आकडा बघायला लावतो. किनाऱ्यावर दिवसाला पन्नास-साठ किलोमीटर. ‘एवढंच?’ असं फोनवर प्रत्येक जण म्हणतो. तिसऱ्या दिवशी कुणी म्हणत नाही.

दुसरा बदल सायकलीत. आमचे मेकॅनिक अण्णा, दादांच्या काळापासूनचे, पूर्व भागातले पद्मशाली. त्यांनी समुद्र आयुष्यात पाहिलेला नव्हता. मी पुढे २२ दात्यांचं चेनव्हील आणि मागे ३४ दात्यांपर्यंतची कॅसेट (मागच्या चाकावरच्या दातेरी चकत्यांचा संच) बसवायला सांगितली तेव्हा त्यांनी हातातला पाना खाली ठेवला. “मालक, ही काय सायकल हाय का रहाट? चालत जाणारा माणूस पुढं जाईल की ओ.” त्यांचं गणित बरोबर होतं. पेडलचा एक पूर्ण फेरा मारला तरी त्या गिअरवर मागचं चाक पाऊण फेऱ्याहून कमी फिरतं. पण बारा टक्क्यांच्या चढावर तेच हवं असतं. वेग चालण्याइतकाच राहतो, पण माणूस सीटवर राहतो आणि गुडघे शाबूत राहतात. पुढच्या सीझनला अण्णांना टेम्पोत बसवून मालवणला नेलं. आता गिऱ्हाईकाची रोड बाइक आली, की मला न विचारता ते आधी मागची कॅसेट मोजतात आणि “हे कोकणात नाय चालणार, साहेब” असं परस्पर सांगून टाकतात. एक-दोन गिऱ्हाईकं त्यामुळे चिडली, पण अण्णांना मी काही बोलत नाही.

आमचा सगळ्यात चालणारा रूट कोल्हापूरहून सुरू होतो. सायकली ‘छोटा हत्ती’ टेम्पोत भरून आदल्या रात्री मंगळवेढा, सांगोला, मिरजमार्गे पुढे जातात, माणसं मागून ट्रॅव्हलरने. पहिला दिवस कोल्हापूर ते गगनबावडा, ऊसपट्ट्यातून हळूहळू वर. गगनबावड्याला रस्ता फुटतो, एक करूळ घाटाने वैभववाडीला आणि दुसरा भुईबावडा घाटाने खारेपाटणकडे. आम्ही भुईबावडा घेतो, रहदारी कमी म्हणून. उतरायच्या आधी सगळ्यांना उभं करून ब्रेकचा धडा होतो. सपाटीवरच्या माणसाला ब्रेक म्हणजे थांबण्यापुरता. पाच-सहा किलोमीटर सलग उतार त्याने पाहिलेलाच नसतो. तो दोन्ही ब्रेक आवळून बसतो, रिम तापते आणि आतली ट्यूब फुटू शकते. दाबा, सोडा, पुन्हा दाबा, वळणाच्या आधी वेग कमी करा, वळणात नको. एवढं दहा वेळा सांगावं लागतं, आणि मी सांगतो.

पुढे विजयदुर्ग, देवगड, कुणकेश्वर, आचरा, मालवण, कर्लीची खाडी ओलांडून परुळे, वेंगुर्ला. शिरोड्याला १९३० चा मिठाचा सत्याग्रह झाला ती जागा बघून आत सावंतवाडीला वळायचं आणि शेवटी आंबोली चढून आजऱ्याकडे. घाट शेवटी ठेवलाय तो मुद्दाम. तोपर्यंत पाय तयार झालेले असतात, आणि ज्या घाटाची आठवडाभर धास्ती घेतली तो सोपा गेल्याचं लोकांना भारी वाटतं.

उन्हाचं एक सांगायला हवं. सोलापूरकराला वाटतं, आपण मे महिन्यात त्रेचाळीस डिग्रीत फिरतो, डिसेंबरातली कोकणातली एकतीस-बत्तीस काय करणार? आपल्याकडची हवा कोरडी. घाम येतो आणि वाळतो, वाळताना अंग थंड करून जातो. किनाऱ्यावर हवा आधीच ओली. घाम वाळत नाही, नुसता ठिबकतो, आणि अंग तापत राहतं. तहानेची वाट न बघता पाणी, ओआरएस, कोकम सरबत, ताक. सकाळी साडेसहाला निघून अकराच्या आत मोठा चढ संपवायचा. आमची मंडळी सुट्टीवर आल्याच्या तोऱ्यात नऊला उठू म्हणतात, तिथे मी थोडा हेडमास्तर होतो.

जेवणाची काळजी मला वाटली होती तेवढी निघाली नाही. आमच्याकडे लिंगायत आणि माळकरी मंडळी बरीच, आणि मालवण म्हणजे मासे. पण आम्ही ज्यांच्याकडे उतरतो त्या काकूंनी पहिल्याच वर्षी काळ्या वाटाण्याचं सांबारं आणि वडे वाढले, आणि आता शाकाहारी ग्रुप त्या एका जेवणासाठी मुक्काम वाढवून मागतात. चढावरची शिदोरी मात्र घरची : कडक भाकरी आणि शेंगाची चटणी. कडक भाकरी दिवसेंदिवस टिकते, हँडलबार बॅगेत तुकडे झाले तरी बिघडत नाही, आणि चटणीत शेंगदाणा, तेल, मीठ, तिखट सगळंच आलं. पंचाहत्तर रुपयांचा एनर्जी बार मी दुकानात विकतो, पण टूरवर नेत नाही.

उत्तरेकडचा रूट नंतर सुरू केला. श्रीवर्धन, हरिहरेश्वर, मग बागमांडला-वेश्वी, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड अशा तीन फेरीबोटी घेत गणपतीपुळे. सायकल बोटीत चढवायची, खाली बसायचं, पाय सोडायचे. सड्यावरून उतरल्यावर आणि पुढचा सडा चढायच्या आधी मिळणारी ही एकमेव हक्काची विश्रांती. रेवस-रेड्डी सागरी महामार्गावर या खाड्यांवर पूल बांधायचं काम आता राज्य रस्ते विकास महामंडळाने (एमएसआरडीसी) हाती घेतलं आहे. गावांची सोय होईल, रात्री-अपरात्री दवाखान्यात जाणाऱ्याला वळसा पडणार नाही, हे चांगलंच. आमच्या रूटची आखणी मात्र नव्याने करावी लागेल, कारण उंच पूल म्हणजे अजून एक चढ.

जून ते सप्टेंबर आम्ही कोकण बंद ठेवतो. सोलापुरात वर्षभराचा पाऊस सहाशे-सातशे मिलिमीटर. आंबोलीत तो सात हजारांच्या आसपास पडतो. फोटो सुंदर येतात, मान्य. पण घाटात दरड येते, जांभ्याच्या रस्त्यावर शेवाळ धरतं आणि उतारावर चाक कधी सरकलं ते कळत नाही. पावसाळी टूरची मागणी सगळ्यात जास्त आहे आणि पैसाही त्यातच आहे, तरी नाही. त्या महिन्यांत सगळ्या सायकली अण्णांच्या ताब्यात. खाऱ्या हवेने गंजलेल्या चेन, तांबड्या मातीने झिजलेले ब्रेक शू, हबमधली वाळू. प्रत्येक चाक खोलून, धुऊन, ग्रीस भरून पुन्हा बांधलं जातं.

सराव नवरात्रानंतर सुरू होतो. कोजागिरीला सोलापुरातून हजारो लोक चालत तुळजापूरला जातात, त्या वाटेवर शेवटी लागतो तो घाट आमची शाळा. आंबोलीपुढे तो लहान, पण चाळीसेक किलोमीटर सपाट मारून आल्यावर दोनदा चढला तर कोण कितपत तयार आहे ते समजतं. ज्याला जमत नाही त्याला आम्ही त्या वर्षी नाही म्हणतो, अनामत रक्कम पूर्ण परत.

सध्या रोज एक तरी फोन ई-सायकल आहे का म्हणून येतो. साठीच्या पुढच्या काकांना आणि त्यांच्याबरोबर येऊ बघणाऱ्या काकूंना ती हवीच आहे, मला पटतं. अडचण वजनाची आणि वायरिंगची. जुन्या घरात चार चार्जर एकदम लावले की फ्यूज उडतो, हे वेंगुर्ल्याच्या आमच्या घरमालकांनी दाखवून दिलं. या दिवाळीनंतरच्या पहिल्या ग्रुपसाठी दोन ई-सायकली घेतल्यात, चार्जिंग टेम्पोतल्या इन्व्हर्टरवर. अण्णा त्यांना हात लावायला अजून तयार नाहीत.