शून्य सावलीच्या आठवड्यातले लग्न

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात, अमळनेर तालुक्यातल्या तापीकाठच्या एका गावी, नवरीच्या पणजोबांनी बांधलेल्या वाड्यात लग्न आहे आणि फोटो तुम्हीच काढायचे, असा फोन नवरीच्या काकांनी केला, तेव्हा होकार देण्याआधी मी एकच गोष्ट विचारली: मुहूर्त किती वाजताचा आहे? दुपारी १२ वाजून ३५ मिनिटांचा, असे उत्तर आले.

उन्हाळ्यात ज्यांनी कॅमेरा हाती धरला आहे त्यांना एवढ्यावरून पुढचे सगळे समजेल. अमळनेर साधारण २१ उत्तर अक्षांशावर आहे, आणि मेच्या अखेरच्या आठवड्यात माध्यान्हीचा सूर्य आपल्या बरोबर डोक्यावर येतो. जुलैतही तो पुन्हा एकदा तसाच येतो, पण तेव्हा बहुधा ढग असतात. या दिवसांत १२ वाजून २७ मिनिटांच्या सुमारास उभ्या खांबाची सावली खांबाच्या पायातच मावते. माणसाच्या चेहऱ्यावर या उन्हाचा परिणाम फार वाईट होतो. कपाळ आणि नाकाचा शेंडा पांढराफटक दिसतो, डोळ्यांच्या खोबणी काळ्या पडतात आणि नाकाची सावली ओठांवर उतरते. नवरीने कितीही सुंदर शृंगार केला असला, तरी अशा उन्हात ती दमलेली आणि आजारी दिसते. मुहूर्त मात्र फोटोसाठी पुढेमागे करता येत नाही, आणि करावा असे मला वाटतही नाही.

हल्ली आमच्याकडच्या पुष्कळ मुलामुलींना समुद्रकिनाऱ्यावरच्या जुन्या बंगल्यात लग्न करण्याची हौस असते. मी स्वतः अशा दोन लग्नांसाठी अलिबागकडे गेले आहे. तिथे वातानुकूलित खोलीतून बाहेर पाऊल टाकले की लेन्सवर धुके धरते आणि ते निवळेपर्यंत थांबावे लागते. खानदेशातली मेची हवा इतकी कोरडी असते की लेन्सवर वाफ धरण्याची भीती जवळजवळ नसते. इथे सांभाळायचे ते धूळ आणि तापलेली यंत्रे यांच्यापासून. ही नवरी पुण्यात नोकरी करते, तिलाही मैत्रिणींनी समुद्रच सुचवला होता, पण आजीचे गुडघे एवढा प्रवास झेपवणार नाहीत, आणि आजीवाचून लग्न नको, म्हणून तिने आपल्याच घराचा वाडा निवडला. मला तो निर्णय ऐकताक्षणी पटला.

आखाजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या, दिवशी मी वाडा पाहायला गेले. सकाळी नऊला पोहोचले आणि सूर्य मावळेपर्यंत तिथेच राहिले, कारण जुन्या घराचा प्रकाश एका फेरीत कळत नाही. वाडा आमच्याकडच्या जुन्या घरांसारखा धाब्याचा आहे: सागवानी खांब, त्यांवर तुळया, तुळयांवर लाकडी फळ्या आणि त्यांवर मातीचा जाड थर, ज्याच्या वरच्या अंगाला पावसाळ्यापूर्वी खारी माती टाकतात. भिंती पांढऱ्या मातीच्या आणि अडीच हात रुंद. मधोमध दगडी फरशीचा चौक, त्याच्या चारही बाजूंना ओसरी, आणि ओसरीच्या आत माजघर. हे सगळे उष्णता बाहेर ठेवण्यासाठी बांधलेले आहे, पण ज्यांनी ते बांधले त्यांनी नकळत प्रकाशाचीही मोठी सोय करून ठेवली आहे. दुपारचे ऊन सरळ चौकाच्या फरशीवर पडते, फरशीवरून उसळून समोरच्या चुन्याच्या भिंतीवर जाते आणि तिथून ओसरीत येते. दोनदा आपटून आलेल्या या प्रकाशाची धार पूर्ण गेलेली असते. ओसरीच्या काठापासून दोन हात आत, खांबाशेजारी, मी नवरीच्या काकूंना बसवून पाहिले. चेहरा सगळीकडून सारखा उजळला होता, डोळ्यांत चौकाच्या आकाराचा एक चौकोनी ठिपका चमकत होता, आणि कानाच्या पाळीपासून हनुवटीपर्यंत सावली इतकी हळूहळू गडद होत जात होती की तिची कड बोटाने दाखवता आली नसती. एवढ्या प्रतीचा प्रकाश मिळवण्यासाठी शहरातल्या स्टुडिओत आम्ही दोन मोठे दिवे आणि पडदे लावतो.

अडचण होती ती चौकाची, कारण लग्न चौकातच लागणार होते. उन्हातला चौक आणि सावलीतली ओसरी यांच्या उजेडात पाच ते सहा स्टॉपचा फरक होता (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा). म्हणजे चौकातल्या नवरीसाठी कॅमेरा लावला तर ओसरीतली वऱ्हाडी मंडळी काळोखात जाणार, आणि ओसरीसाठी लावला तर नवरी पांढरी होऊन उडून जाणार. रॉ फाइलमधून, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न करता साठवलेल्या कच्च्या फोटोतून, बरेच परत मिळवता येते, पण अंतरपाट धरलेल्या त्या दोन मिनिटांसाठी तेवढ्यावर विसंबून राहणे मला योग्य वाटले नाही. मांडववाल्यांनी चौकावर लाल आणि पिवळे कापड ताणण्याचे ठरवले होते. मी काकांना लाल कापडाखाली हात धरायला सांगितला आणि त्याचा फोटो काढून दाखवला. हात नुकताच भाजल्यासारखा दिसत होता. असा रंग नंतर संगणकावर दुरुस्त होत नाही, कारण लाल कापडातून झिरपलेल्या प्रकाशात हिरवा आणि निळा भाग जवळजवळ उरलेलाच नसतो. जे कॅमेऱ्यात शिरलेच नाही ते बाहेर कुठून काढणार? पांढरे कापड ताणले तर तेच ऊन गाळून खाली येईल आणि सगळा चौक एका मोठ्या, मऊ दिव्याखाली आल्यासारखा होईल, असे मी सांगितले.

काकांना पटले, परंतु आजींना पटले नाही. शुभकार्यात डोक्यावर पांढरे कापड त्यांना नको होते, आणि त्यांचे म्हणणे मला बाजूला सारायचे नव्हते. शेवटी काकूंनी मार्ग काढला. धुतलेल्या पांढऱ्या कापडाऐवजी अमळनेरच्या बाजारातून कोरा मांजरपाट आणायचा, जो मुळातच किंचित पिवळसर असतो, त्याच्या चारही कोपऱ्यांना आजींनी स्वतः हळदीची बोटे लावायची, आणि कडेने आंब्याच्या डहाळ्या बांधायच्या. मांजरपाटाचा तो कोमट रंग चेहऱ्यावर इतका चांगला दिसला की त्यानंतर दोन लग्नांत मी तोच आग्रह धरला आहे.

हळद आदल्या संध्याकाळी माजघरात होती. तिथे एक बल्ब आणि एक झरोका, एवढाच उजेड. मी फ्लॅश पिशवीतच ठेवला, कारण फ्लॅश लखलखला की अहिराणी गाणी म्हणणाऱ्या बाया थबकतात आणि कॅमेऱ्याकडे पाहू लागतात. लेन्स पूर्ण उघडी ठेवून, आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाशाबाबतची संवेदनशीलता, बराच वाढवून, मी आजींच्या हाताजवळ उकिडवी बसून राहिले. मनगटापासून कोपरापर्यंत गोंदण, त्याची हिरवी रेघ वयानुसार पसरून निळसर झालेली, बोटांच्या पेरांत ओली हळद, आणि ती हळद नातीच्या गालावर टेकताना अंगठा क्षणभर थांबलेला. पाच-सहा वेळा बटण दाबले. त्यातल्या तिसऱ्या चौकटीत अंगठ्याखाली गालाला पडलेली बारीक खळगी दिसते. मला उकिडवे बसलेले पाहून आजी म्हणाल्या, "आठे बठ, माय," आणि आपल्या बसकराचा अर्धा भाग त्यांनी माझ्याकडे सरकवला.

लग्नाच्या दिवशी तापमान ४४ अंशांपर्यंत गेले. दोन कॅमेरे, एकावर ३५ आणि दुसऱ्यावर ८५ मिलिमीटरची लेन्स, अशी तयारी केली होती, म्हणजे धुळीत लेन्स बदलावी लागणार नाही. जादाच्या बॅटऱ्या आणि कार्डे माजघरातल्या माठाशेजारच्या देवळीत, म्हणजे भिंतीतल्या कोनाड्यात, ठेवली, जिथे भर दुपारीही भिंत हाताला थंड लागत होती. मुहूर्ताच्या वेळी मांजरपाटाखालचा चौक पाहून मला समाधान वाटले. अंतरपाटाच्या दोन्ही बाजूंचे चेहरे, ओसरीतल्या खुर्च्या आणि खांबाला टेकून उभे असलेले मामा, सगळे एकाच मोजमापात बसले.

चूक झाली ती त्यानंतर. कोरीव दरवाज्यासमोर सगळ्या कुटुंबाचा फोटो हवा होता आणि त्यासाठी मी फ्लॅश स्टँडवर लावून अंगणात ठेवला. मंडळी जमेपर्यंत वीस-पंचवीस मिनिटे गेली, तो उन्हात तापला आणि त्यातल्या संरक्षक यंत्रणेने काम थांबवले. साठ माणसे देवडीच्या सावलीत उभी, म्हातारी माणसे घामाघूम, आणि हा हलगर्जीपणा सर्वस्वी माझा. तेव्हा मांजरपाटाचा उरलेला ताग्याचा तुकडा आठवला. तो देवडीसमोरच्या उन्हात अंथरला आणि दोन भाच्यांना त्याची पलीकडची कड कमरेइतकी उचलून धरायला सांगितली. जमिनीवरचे ऊन देवडीत शिरले आणि मागच्या रांगेतल्या आजोबांच्या पागोट्याची घडीसुद्धा दिसू लागली. तीन चौकटी घेऊन मी सगळ्यांना मोकळे केले. पुढे वरण-बट्टी आणि घोटलेल्या वांग्याच्या भाजीची पंगत बसली. तिचे फोटो थोडेच काढले, कारण जेवणाऱ्या माणसाच्या तोंडासमोर कॅमेरा धरणे मला आवडत नाही.

सासरी निघण्याआधी नवरीने तापीमाईची ओटी भरावी, ही आजींची इच्छा होती, आणि दिवसातला सर्वांत चांगला प्रकाश तिथे मिळाला. गाव नदीच्या दक्षिण तीरावर आहे. नदी पश्चिमेला वाहते, आणि मेच्या शेवटी सूर्य पश्चिमेपासून साधारण साडेबावीस अंश उत्तरेकडे सरकून मावळतो, म्हणजे गावाच्या काठावरून पाहिले तर पात्रावर. हिवाळ्यातल्या लग्नात तो याच जागेवरून घरांच्या मागे गेला असता. हवेत इतकी धूळ होती की सातच्या सुमारास सूर्याच्या बिंबाकडे सरळ पाहता येत होते. मुलताईहून निघून ७२४ किलोमीटर वाहत सुरतेपलीकडे समुद्राला मिळणारी ही नदी उन्हाळ्यात डोहाडोहांची होते, पाण्याला ओढ अशी फारशी नसते. नवरीने चपला काढल्या, तापलेल्या वाळूवरून भराभर पावले टाकत ती पाण्यापर्यंत गेली आणि नारळ सोडून उभी राहिली. नारळ पुढे गेला नाही. तिच्या पायांजवळच हळूहळू फिरत राहिला. आजी वर घाटाच्या पायरीवर बसून पाहत होत्या. मी दोघींनाही एका चौकटीत घेतले, आजी पुढे, पाठमोऱ्या, आणि नात खाली दूर, नारळासह.

तो फोटो १२ बाय १८ इंचांत छापून मी पंधरा दिवसांनी आजींना नेऊन दिला. काका तो ओसरीच्या भिंतीवर लावायला निघाले होते, पण ओसरीतला चौकाकडचा उजेड वर्षानुवर्षे पडत राहिला तर रंग उडतो, असे मी सांगितले. तेव्हा आजींनी तो माजघरात, माठाशेजारच्या त्याच देवळीत उभा करून ठेवला.