तुम्ही विचारलंत म्हणून: जेजेसमोरची गॅलरी

ऑफिसात नवीन कोणी आलं आणि मी मोहम्मद अली रोडला राहतो हे कळलं, की प्रश्न ठरलेला: "म्हणजे जेजे फ्लायओव्हरला चिकटून त्या जुन्या बिल्डिंगी आहेत, त्यातच? मग झोप कशी लागते हो?" विचारणाऱ्याने बहुतेक वेळा टॅक्सीतून जाताना आमचं वाळत घातलेलं धुणं पाहिलेलं असतं.

झोप लागते. आमच्या घराच्या बरोबर समोर पुलाच्या दोन तुकड्यांमधला जोड आहे. गाडी त्यावरून गेली की पुढची चाकं एकदा, मागची एकदा. खट, खट. दोन खटांमधल्या अंतरावरून कार की टेम्पो हे मी अंथरुणातून सांगतो. दोन्ही खट जवळजवळ एकमेकांवर चढले तर ती बाइक, आणि बाइक म्हणजे चोरून आलेली, कारण २०१० पासून दुचाकींना वर बंदी आहे. रात्री दोनला बंदी कोण बघतो म्हणा.

आवाजाचं असं मिटलं. गॅलरीचं मात्र मिटलं नाही.

आम्ही मूळचे खेडकडचे कोकणी मुसलमान. आजोबा बंदरावर कामाला होते, तेव्हा पागडीने घेतलेली ही दुसऱ्या मजल्यावरची दीड खोली. गॅलरी हेच दादीचं खरं घर होतं. तिथून ती खालच्या भाजीवाल्याशी भाव करायची, दोरीला बांधलेली टोपली खाली सोडायची, आणि गावाहून आलेले सोडे, म्हणजे सुकवलेली कोळंबी, परत एकदा उन्हाला लावायची. समोरच्या बिल्डिंगमधल्या चाचीशी रस्त्याच्या या टोकावरून त्या टोकाला हातवारे करून बोलणं चालायचं. कोणाच्या घरी पाहुणे आलेत, कोणाची मुलगी नापास झाली, सगळं हातवाऱ्यांत.

मग रस्त्याच्या मधोमध खांब उभे राहिले आणि २००२ साली पूल सुरू झाला. अडीच किलोमीटरला जरासा कमी. क्रॉफर्ड मार्केटकडून चढतो, भेंडीबाजारावरून, जेजे हॉस्पिटलवरून जाऊन भायखळ्याकडे उतरतो. कागदोपत्री नाव कुतुब-ए-कोकण मखदूम अली माहिमी उड्डाणपूल. माहीमच्या दर्ग्याचे हे पीर, १४व्या-१५व्या शतकातले मोठे विद्वान. त्यांच्या उरुसात संदल, म्हणजे चंदनाचा लेप, घेऊन जाण्याचा पहिला मान आजही मुंबई पोलिसांचा असतो. कोकणचं नाव पुलाला लागलं म्हणून दादी खूश होती. पण ते नाव घेणारा टॅक्सीवाला मला अजून भेटायचाय. सगळ्यांच्या तोंडी जेजे.

समोरची चाची त्या दिवसापासून दिसेनाशी झाली. तिची बिल्डिंग तिथेच, पण मधे कठडा आणि त्यावरून धावणारी टपं. हातवारे बंद पडले, फोन करावा लागू लागला, आणि फोनला पैसे पडतात म्हणून बोलणं कमी झालं. सोड्यांवर दोन तासांत काजळी धरायला लागली, तेही बंद. टोपली तेवढी टिकली. पूल आणि बिल्डिंग यांच्यामधल्या फटीतून ती अजून खाली जाते आणि पाव, कोथिंबीर घेऊन वर येते.

आमच्या घरासमोरून जाणाऱ्या पुलावर आम्हाला घराजवळून चढता येत नाही, हे लोकांच्या लक्षात येत नाही. मधे ना जिना, ना बसस्टॉप. शहराला घाई आहे हे मला मान्य आहे; खालच्या हातगाड्यांत आणि टेम्पोंत अडकलेली ॲम्ब्युलन्सही मी पाहिली आहे. पण रमजानात मिनारा मशिदीजवळच्या मालपुव्याचा वास ज्यांच्या काचेपर्यंत पोचतो, ते काच वर करून आमच्यावरून निघून जातात, याचं थोडं वाईट वाटतंच.

पूल सुरू झाल्यावर महिन्याभराने मी दादीला मुद्दाम सीएसटीवरून टॅक्सीत बसवलं. "आपलं घर बघ बाहेरून," म्हटलं. ती खिडकीशी डोळे लावून बसली. बिल्डिंग आली आणि गेली, मोजून तीन सेकंद. टॅक्सीवाल्याला म्हटलं, जरा हळू घ्या. तो म्हणाला, "इधर रुकने का नहीं है." दादी बराच वेळ गप्प होती. भायखळ्याला उतरल्यावर म्हणाली, "चादर उलटी वाळत घातलीय तुझ्या अम्मीने." घरी आल्यावर तिने आधी ती चादर सुलटी केली. नंतर जाईपर्यंत ती गॅलरीत बसायची, पण डोक्यावरचा पदर नीट करून, खुर्ची भिंतीकडे सरकवून. आपण तीन सेकंद कसे दिसतो ते तिने पाहिलं होतं.

अम्मीचं तसं नाही. पूल तुंबला की ती मुद्दाम बाहेर येते. इंजिनं बंद होतात, काचा खाली येतात, आणि पंधरा फुटांवरून माणसं फोनवर बोलू लागतात. साखरपुडे, उधाऱ्या, बॉसला शिव्या. सगळ्यात जास्त ऐकू येतं ते एकच वाक्य: "भायखळ्याला पोचलो, पाच मिनिटांत येतो." म्हणणारा आमच्या दोरीवरच्या सलवारींसमोर उभा असतो. मागे एकदा एक जण तिसऱ्यांदा तेच म्हणाला, तेव्हा अम्मीने टोपली वर ओढता ओढता मोठ्याने सांगितलं, "अजून मोहम्मद अली रोडलाच आहे हो!" फोनवरच्या बाईला बहुतेक ऐकू गेलं. त्याने आधी आमच्याकडे पाहिलं, मग टोपलीकडे, आणि काच वर केली.

तेव्हा झोपेची काळजी करू नका. जेजेवर अडकलात तर फोनवर जरा जपून बोला, इतकंच. अम्मी गॅलरीत असते.