पंधरा दिवसांत चार किलो

जानेवारी लागला की इंदूरच्या रामबागेतल्या माझ्या दवाखान्यात दोन प्रकारचे पेशंट वाढतात. एक सर्दी-खोकल्याचे आणि दुसरे नव्याने व्यायाम सुरू करून वैतागलेले. दुसऱ्यांचं गाऱ्हाणं ठरलेलं असतं, "एवढा घाम गाळतोय आणि वजन वाढतंय, हे काय गौडबंगाल?" त्या सोमवारी अशी दोन माणसं तासाभराच्या अंतराने आली. गाऱ्हाणं तेच. एकीला मी दहा मिनिटांत घरी पाठवलं, दुसऱ्यांचं रक्त मात्र त्याच दुपारी तपासायला पाठवावं लागलं.

आधी पहिलीचं थोडक्यात. शाळेत शिकवते, वय पस्तिशीच्या आसपास. सोसायटीत झुंबाचा क्लास लावला आणि तीन आठवड्यांत सव्वा किलो वाढली. नवरा रोज चेष्टा करतो म्हणून रडकुंडीला आलेली. तिला सांगितलं ते असं : सवय नसलेल्या स्नायूंवर ताण आला की त्यांच्यात बारीक इजा होते, तिथे थोडी सूज येते आणि सूज म्हणजे पाणीच. व्यायामानंतर एक-दोन दिवसांनी अंग ठणकतं ते यामुळेच. दुसरं, स्नायू पुढच्या कामासाठी ग्लायकोजेनचा, म्हणजे साठवणीच्या साखरेचा साठा वाढवतात आणि एक ग्रॅम ग्लायकोजेन आपल्याबरोबर साधारण तीन ग्रॅम पाणी धरून ठेवतं. तिसरं, नियमित व्यायामाच्या पहिल्या काही दिवसांतच रक्तातला पातळ भाग वाढतो. त्यात तिची पाळी चार दिवसांवर आलेली. पायावर सूज नाही, बीपी ठीक, कुठलं औषध चालू नाही. "काटा महिनाभर कपाटात टाक आणि कंबर मोज," म्हटलं. टेपने कंबर मोजून दिली, ती गेली.

मग काका आले, मागे काकू.

काका बँकेतून निवृत्त झालेले, वय 61. माझ्या बाबांच्या वेळपासूनचे पेशंट, त्यामुळे मी त्यांच्यासाठी अर्धी डॉक्टर आणि अर्धी शेजारची मुलगी. (हे लिहिण्याआधी त्यांना विचारलं आहे. "नाव नको, बाकी काय लिहायचं ते लिही," म्हणाले.) पुण्याच्या लेकीने वाढदिवसाला जिमची वर्षाची फी भरून टाकली. भरलेले पैसे वाया घालवणं काकांच्या रक्तात नाही. शिवाय लहानपणी आखाड्यात गेलेले. अनंत चतुर्दशीला मिलच्या झांक्यांबरोबर, म्हणजे चित्ररथांबरोबर इंदूरचे आखाडे निघतात, त्यात आपण पट्टा फिरवायचो हे त्यांच्याकडून ऐकलं नाही असा माणूस आमच्या गल्लीत नसेल. तेव्हा जिममध्ये पहिल्याच दिवशी पोरांच्या बरोबरीने वजन घेऊन बैठका मारल्या, यात नवल काही नाही.

त्यांनी खिशातून छोटी वही काढून माझ्यापुढे ठेवली. पासबुकात असावीत तशी एकाखाली एक रोजची वजनं, तारखेसह. सुरुवात 74.2. माझ्याकडच्या कार्डावरही डिसेंबरच्या तपासणीत तेच वजन होतं, म्हणजे जिमच्या काट्यावर संशय घ्यायला जागा नव्हती. शेवटची नोंद 78.6. मधे 16 दिवस.

"पैसे भरून वजन वाढवलं!" काका म्हणाले. "ट्रेनर म्हणतो, अंकल, मसल बन रहा है. बनू दे, पण शर्टाची बटणं लागेनात."

खरं सांगायचं तर त्या वहीनेच मला जागं केलं. व्यायामाने येणारं पाणी पहिल्या आठवड्यात किलो-दीड किलोने काटा वर नेतं, मग तिथेच रेंगाळतं आणि हळूहळू उतरतं. काकांचा आकडा एकदाही थांबला नव्हता. 75.1, 75.6, 76.4, असा रोज थोडा वरच. मी त्यांच्यासमोरच पाठकोऱ्या कागदावर हिशोब मांडला, कारण बँकेतल्या माणसाला आकड्यांशिवाय काही पटत नाही. एक किलो चरबीला साधारण 7,700 कॅलरी. 4.4 किलो चरबी चढायची तर जवळपास 34,000 कॅलरी जास्तीच्या हव्यात. 16 दिवसांत, म्हणजे रोज 2,100 च्या वर. तेही नेहमीचं जेवण सोडून.

"म्हणजे रोज आणखी एका माणसाचं जेवण," मी म्हटलं. "जेवता का?"

"छे! उलट रात्रीची पोळी एक कमी केलीय."

"आणि स्नायू? नवशिक्या माणसाचा महिन्यात किलोभर स्नायू वाढला तरी पुष्कळ. तुमच्या वयात तेवढाही अवघड."

मग राहिलं पाणी. "मोजे काढा," म्हटलं.

मोज्याच्या इलॅस्टिकचा वळ नडगीभोवती इतका खोल होता की त्यात बोटाचं पेर बसावं. वळाच्या वरची कातडी ताणून चकचकीत झालेली. मी घोट्याच्या वर, हाडावर, अंगठा दाबून धरला आणि उचलला. खळगा पडला आणि तसाच राहिला. काकू वाकून बघत होत्या, "अगं बाई, हे कणकेत बोट घालावं तसं झालंय," म्हणाल्या. दुसऱ्या पायावरही तेच. बीपी घेतलं तर 168/96. एरवी गोळीवर ते 130/80 च्या पलीकडे जात नाही.

दोन्ही पायांवर सूज आणि भराभर चढणारं वजन दिसलं की डोक्यात पहिल्यांदा हृदय, मूत्रपिंड आणि यकृत येतात. दम लागतो का? नाही. रात्री उशा वाढवाव्या लागतात का, झोपेतून श्वास कोंडून जाग येते का? नाही. छाती ऐकली, स्वच्छ. ईसीजी काढला, नेहमीचा. लघवीचा रंग चहासारखा काळपट झालाय का, हे मुद्दाम विचारलं, कारण सवय नसताना अति व्यायाम केला तर कधीकधी स्नायू फुटतात आणि त्यातलं द्रव्य मूत्रपिंडाला इजा करतं. रंग ठीक होता. "पण होते कमी," काका म्हणाले. "वाटलं, घामावाटे जात असेल."

मग मी तो प्रश्न विचारला जो खरं तर व्यायाम सुरू केलेल्या प्रत्येकाला विचारते, "जिमबरोबर आणखी काय काय सुरू झालं?"

"काही नाही."

"काही नाही कसं?" काकूंनी सूत्रं हातात घेतली. जिम सुटली की चौघे निवृत्त मंडळी कोपऱ्यावर पोहे खायला थांबतात, रोज. आता इंदुरात पोहे म्हणजे नुसते पोहे नसतात. वाफेवरच्या पोह्यांवर मूठभर शेव आणि वरून जीरावन मसाला, म्हणजे मीठ, त्यावर मीठ आणि वर पुन्हा मीठ. शिवाय घाम जातो म्हणून रोज लिटरभर पाण्यात ओआरएसचं पाकीट, त्यात आणखी साडेपाच ग्रॅम सोडियमचे क्षार, वर पोटॅशियम. दिवसाला सगळं मिळून मीठ पाच ग्रॅमच्या आत ठेवा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. शरीरात एक लिटर पाणी तुंबायला नऊ ग्रॅमच्या आसपास मीठ पुरतं. काकांनी कच्चा माल भरपूर पुरवला होता. पण धडधाकट मूत्रपिंड एवढं मीठ काही दिवसांत बाहेर टाकतं. यांचं का टाकत नव्हतं?

"आणि ती गोळी सांगा की," काकू म्हणाल्या.

"कसली गोळी?"

"अगं, ती काय औषध आहे? पेनकिलर आहे ती!" काका वैतागून म्हणाले आणि पाकिटातून स्ट्रिप काढली. दहातल्या दोन उरलेल्या. ॲसिक्लोफेनॅक आणि पॅरासिटामॉल एकत्र. पहिल्या बैठकांनंतर दुसऱ्या दिवशी जिना उतरता येईना, तेव्हा लॉकरपाशी कुणीतरी सुचवलं आणि मेडिकलवाल्याने चिठ्ठी न विचारता दिली. सकाळ-संध्याकाळ एकेक, पहिल्या आठवड्यापासून आजपर्यंत. दुखायचं थांबल्यावरही बंद केली नाही, कारण "दुखलं तर जिम बुडेल."

इथे मला गोष्ट उलगडली. काकांची बीपीची गोळी म्हणजे टेल्मिसार्टन आणि हायड्रोक्लोरोथायाझाइड यांची जोडगोळी. मूत्रपिंडातल्या प्रत्येक गाळणीला रक्त आणणारी एक बारीक वाहिनी असते आणि बाहेर नेणारी दुसरी. रक्ताचा पुरवठा जरा कमी पडला की आणणारी मोकळी ठेवायचं काम प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं करतात. पेनकिलर वेदना कमी करते ती हीच रसायनं कमी करून, म्हणजे येणारी वाट आवळली जाते. टेल्मिसार्टन बाहेर जाणारी वाट सैल सोडतं. दोन्हीमुळे गाळणीतला दाब पडतो. त्यात थायाझाइड अंगातलं पाणी-मीठ कमी करायला बघतं, आणि पेनकिलर त्यालाही नीट काम करू देत नाही. तिन्ही एकत्र आली की मूत्रपिंड चेपलं जातं. डॉक्टर मंडळी याला ट्रिपल व्हॅमी, म्हणजे तिहेरी तडाखा म्हणतात. मीठ आत, पाणी आत, बीपी वर. आणि वहीत रोज थोडं जास्त वजन.

दुपारी लॅबचा मुलगा रक्त-लघवी घेऊन गेला, संध्याकाळी रिपोर्ट फोनवर आले. क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाचं काम मंदावलं की रक्तात वाढतं ते द्रव्य, 1.8. सप्टेंबरमध्ये 1.0 होतं. पोटॅशियम 5.4, म्हणजे हद्दीच्या जरा बाहेर. लघवीत प्रोटीन नाही, रक्त नाही. अल्ब्युमिन आणि थायरॉइड ठीक. स्नायूंचं एन्झाइम थोडं वाढलेलं, बैठका मारणाऱ्या माणसाचं असावं तेवढंच. पेनकिलर मी सकाळीच काढून घेतली होती, स्ट्रिपसकट. काकांचा तिच्यावर जीव जडलेला, म्हणून स्ट्रिपसकट. ओआरएस बंद, नारळपाणी बंद. बीपीच्या गोळीचं काय करायचं ते नेफ्रॉलॉजिस्ट, म्हणजे मूत्रपिंडाच्या डॉक्टर असलेल्या मैत्रिणीशी बोलून ठरवलं : ती जोडगोळी काही दिवस थांबवायची, तोवर दुसरी द्यायची आणि 48 तासांनी रक्त पुन्हा. ॲडमिट केलं नाही, कारण लघवी होत होती आणि ईसीजी चांगला होता. पण काकूंना बजावून सांगितलं : लघवी आणखी कमी झाली, दम लागला किंवा छातीत धडधडलं तर मला फोन करण्यातही वेळ घालवू नका, सरळ हॉस्पिटल गाठा.

एक सांगते, बीपीच्या गोळ्या हे वाचून कुणी आपल्या मनाने बंद करू नयेत. थांबवल्या त्या रिपोर्ट हातात घेऊन, आणि नंतर चालूही केल्या.

तिसऱ्या रात्रीपासून पाणी सुटलं. "चार-चार वेळा उठतायत, माझ्या झोपेचं खोबरं," असा काकूंचा रिपोर्ट. वहीत आकडे उतरायला लागले : 78.1, 77.0, 75.9, आणि आठव्या दिवशी 74.8. एवढ्या भराभर उतरलेलं वजन म्हणजे व्यायामाची कमाई असं काका चौकात सांगत सुटले, ते मी काकूंकडून ऐकलं. क्रिएटिनिन आठवड्यात 1.4 झालं, महिन्याच्या आत 1.1. तिथेच आहे.

जिम सोडायची नाही, हे मीच सांगितलं. साठीच्या माणसाने वजनं उचलावीत, स्नायू आणि हाडं दोन्हींना ती हवीत. फक्त पहिल्या दिवशी तीन सेट बैठका मारायच्या नसतात. दुखलं तर एक दिवस विश्रांती, गरम पाण्याचा शेक, चालणं. फारच दुखलं तर मला विचारून साधं पॅरासिटामॉल. पोह्यांवरून मात्र बरीच घासाघीस झाली. रोजचे पोहे आठवड्यातून एकदा, इथवर काका आले. शेव सोडायला तयार झाले. जीरावनला हात लावू देईनात. शेवटी चिमूटभर, तेही काकूंच्या देखरेखीखाली, यावर मिटलं.

पुढच्या आठवड्यात तो ट्रेनर स्वतः आला. चोवीस-पंचवीसचा मुलगा, घाबरलेला. "मॅडम, गोली का मैंने नहीं बोला था." मला ते पटलं. त्याने सांगितलं असतं तरी दोष एकट्याचा नव्हता, चिठ्ठीशिवाय स्ट्रिपा विकणारी दुकानं पावलोपावली आहेत. त्याने प्रामाणिकपणे विचारलं, नवीन माणूस आला की काय विचारू? मी प्रिस्क्रिप्शनच्या कागदावर लिहून दिलं : बीपी, शुगर, हृदय, किडनी यांपैकी कशाची गोळी चालू आहे का, दुखण्यावर स्वतःहून काही घेतोस का, पायावर सूज, दम, लघवी कमी असं काही आहे का. आठवड्यात दोन किलोंच्या वर वजन चढलं तर 'मसल' म्हणायचं नाही, डॉक्टरकडे पाठवायचं. त्याने तो कागद काट्याशेजारी भिंतीवर चिकटवला, असं काका म्हणतात.

परवा रात्री साडेनऊला काकांचाच फोन. त्यांच्या बॅचमधले एक गृहस्थ, बीपीची गोळी चालू, गुडघ्यासाठी महिनाभर काहीतरी घेतायत, आज मोजे काढले तर वळ खोल दिसला. "मी अंगठा दाबून पाहिला, खळगा राहतोय, सकाळी पाठवू का?" काकांनी विचारलं.

म्हटलं, दवाखाना उघडायच्या आत पाठवा, आणि घरातली गोळ्यांची सगळी पिशवी बरोबर आणायला सांगा. पेनकिलरसकट.