नैवेद्य व्हायचा होता

गौरीपूजनाच्या दिवशी आमची ओपीडी बंद असते. फोन मात्र मी बंद ठेवत नाही. सणाच्या दिवशीच तो जास्त वाजतो, हे टाइप वन मधुमेह असलेल्या मुलांच्या पालकांना इन्सुलिन शिकवण्याच्या कामात पहिल्या वर्षीच कळून चुकते. त्या दिवशी दुपारी 1 वाजून 5 मिनिटांनी सासवडजवळच्या एका घरातून फोन आला. "मॅडम, शुगर 58 आली आहे. इंजेक्शन केव्हाच दिलंय आणि नैवेद्य अजून व्हायचाय." 58 म्हणजे रक्तातली साखर धोक्याइतकी खाली गेलेली.

मुलगी 11 वर्षांची. आजार होऊन दीड वर्ष झाले होते आणि त्या दीड वर्षात आजीने तिला एकही सण गोड होऊ दिला नव्हता. आजोबांना उतारवयातला मधुमेह होता. त्यांची साखर बंद करून जे साधले, तेच नातीचेही साधेल असा आजींचा हिशोब होता. वास्तविक या मुलीच्या शरीरात इन्सुलिन जवळजवळ तयारच होत नाही. तिला भाकरीलाही इन्सुलिन लागते आणि पुरणपोळीलाही लागते. फरक फक्त मात्रेचा आणि वेळेचा. मुलांना जवळजवळ उपाशी ठेवून जगवण्याचा काळ 1922 साली इन्सुलिन वापरात आल्यावर संपला, हे मी आजींना दोनदा सांगितले होते. त्यांनी दोन्ही वेळा शांतपणे ऐकून घेतले आणि घरी जाऊन श्रीखंडाचा डबा वरच्या फळीवर ठेवला.

म्हणून सणाच्या आठवडाभर आधी मुलगी, आई आणि आजी अशा तिघींनाही बोलावून पुरणपोळीचे गणित मांडले. आजी म्हणाल्या, "माप कसलं? हाताला कळतं." तरी विचारत विचारत आकडे निघालेच : अर्धा किलो हरभऱ्याची डाळ, तेवढाच गूळ, सहाशे ग्रॅम कणीक आणि पोळ्या 24. म्हणजे एका पोळीत डाळीची सुमारे 11, गुळाची 18 आणि कणकेची 16, अशी साधारण 45 ग्रॅम कर्बोदके. मुलीला 15 ग्रॅमला इन्सुलिनचे एक युनिट लागत होते; दोन पोळ्यांना सहा युनिटे. हा भागाकार मुलीने माझ्याआधी केला आणि आजीकडे अशा नजरेने पाहिले, की त्यांना हसू आवरेना. भात त्या दिवशी सोडायचा, हेही तिनेच ठरवले. जलद काम करणारे इन्सुलिन जेवणाआधी 15 मिनिटे घ्यावे, असे मी वहीत लिहून दिले.

जेवण साडेबाराला ठरले होते, म्हणून आईने सव्वाबाराला इन्सुलिनचे पेन टोचले. तेव्हाची शुगर 118, म्हणजे सारे काही नियमाप्रमाणे. मात्र जेवायला सांगितलेल्या सवाष्णी आल्या नव्हत्या. त्यांच्यावाचून नैवेद्य नाही आणि नैवेद्यावाचून कोणाचे ताट नाही. इन्सुलिनला यातले काहीच ठाऊक नसते. ते पंधराएक मिनिटांत कामाला लागते आणि तासा-दोन तासांनी त्याचा जोर सर्वाधिक असतो.

मी आधी विचारले, "ती शुद्धीत आहे ना? नीट बोलते? गिळता येतंय?" बोलत होती, पण हात थरथरत होते आणि कपाळावर घाम आला होता. गिळता येत नसते तर तोंडाने काही न देता थेट रुग्णालय गाठायला सांगावे लागले असते. ग्लुकोजची पावडर दप्तरात होती, दप्तर कपाटात होते आणि पाहुण्यांसाठी खोली आवरताना कपाटाला लावलेल्या कुलपाची किल्ली कोणाला सापडत नव्हती. आई हातात पेढा घेऊन उभी होती. मी म्हटले, पेढा नको. खव्यातल्या स्निग्धांशामुळे साखर रक्तात उतरायला वेळ लागतो. मागून आजींचा आवाज आला, "पंचामृत देऊ का? ते तीर्थच आहे, नैवेद्याआधी चालतं." कोंडीतून त्यांनी वाट काढली होती, आणि एरवी मी ती मान्यही केली असती. पण पंचामृतात दूध आहे, दही आहे, तूप आहे. मला नुसती साखर हवी होती : तीन लहान चमचे, अर्ध्या पेल्यात विरघळवून, लगेच.

फोनवर काही क्षण कोणीच बोलले नाही. मग पेल्यात चमचा फिरण्याचा आवाज आला. साखर आजींनीच विरघळवली, हे मला नंतर कळले. 15 मिनिटांनी शुगर 84 झाली, तेव्हा मी तिला ताबडतोब जेवायला बसवायला सांगितले, कारण सहा युनिटांचा बराचसा अंमल अजून बाकी होता. गौरींपुढचे ताट तसेच राहिले आणि नातीचे पान आधी वाढले गेले.

सव्वातीनला पुन्हा फोन. आता शुगर 214 होती आणि घाबरलेल्या आईला लगेच आणखी इन्सुलिन द्यायचे होते. मी थांबवले. डाळ आणि वर ओतलेले तूप यांमुळे पुरणपोळीची साखर रेंगाळत चढते, आणि दुपारच्या इंजेक्शनचाही अंमल पुरता संपलेला नव्हता. एकावर एक डोस चढवला असता तर संध्याकाळी पुन्हा साखरपाणी करावे लागले असते. पाच वाजता 246 आली, तेव्हा डॉक्टरांना विचारून दोन युनिटे दिली. रात्री झोपताना 131.

चूक त्या घराची नव्हती. मी डाळीचे ग्रॅम मोजले, गुळाचे मोजले, पण जेवण नक्की कशावर अडते हे विचारले नाही. '15 मिनिटे आधी' हे वाक्य कार्यालयीन डब्याला लागू पडते, सणाच्या पंगतीला नाही. पुढच्या भेटीत मी वहीतली ती ओळ खोडून 'ताट समोर आल्यावर' असे लिहिले. पुरणपोळीच्या दिवशी डोस विभागून द्यायचेही डॉक्टरांनी ठरवले : थोडा पहिल्या घासाआधी, उरलेला दीड तासाने शुगर मोजून. ग्लुकोजच्या पावडरीचा एक डबा आजींनी देवघरात, उदबत्तीच्या पुड्याशेजारी ठेवला आहे. तिथली जागा कोणी आवरत नाही म्हणे.

यंदा गौरीपूजनाला मुलीचाच संदेश आला. ती वाढली, तशी मात्राही वाढली आहे. "ताट वाढलं. 7 पैकी 4 घेतले." संदेशावर वेळ होती 1 वाजून 50 मिनिटे. सवाष्णी याही वर्षी उशिरा आल्या होत्या.